16 हजार, की 9 हजार आणि कमिशन? रोजगार समुपदेशकाच्या पगाराबद्दल

प्रश्न विचारणाऱ्या ताई एमएसडब्ल्यू (समाजकार्यात एमए) झालेल्या आहेत, वय 27, राहायला जुळे सोलापूर. हातात दोन ऑफर आहेत. पहिली कौशल्य प्रशिक्षण केंद्रात ‘रोजगार समुपदेशक’ म्हणून, महिना 16,000 सीटीसी (म्हणजे मालकाचा तुमच्यावरचा एकूण खर्च). दुसरी नवी पेठेजवळच्या एका प्लेसमेंट ऑफिसात, 9,000 फिक्स आणि ‘माणूस लागला की कमिशन’. या कामात मुळात पगार किती असतो आणि तो कशाने वाढतो, असा त्यांचा प्रश्न आहे. जाता जाता आणखी एक विचारलंय: दुसऱ्या ऑफिसचे मालक म्हणतात की नाव नोंदवायला येणाऱ्या प्रत्येक पोराकडून 500 रुपये घ्यायचे. हे बरोबर आहे का?

मी या कामात 17 वर्षं आहे. आधी प्रशिक्षण केंद्र, मग लेबर कॉन्ट्रॅक्टरकडे भरतीचं काम, आणि गेली काही वर्षं सात रस्त्याजवळ स्वतःचं दीड खोलीचं ऑफिस. त्यामुळे दोन्ही ऑफरच्या खुर्च्यांवर मी बसून झालोय.

ताई, तुम्ही ‘पगार किती’ विचारताय, पण त्याच्या आधीचा प्रश्न सुटल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. तुमचा पगार कुणाच्या खिशातून येणार आहे, आणि तो माणूस पैसे देताना काय मोजतो? सल्ला ऐकणारं पोरगं तुम्हाला एक रुपया देत नाही. पैसे देतं सरकार, कंपनी किंवा कॉलेज. तुम्ही पोराला दोन तास समजावलं की पाच मिनिटं, हे त्यांच्यापैकी कुणीच मोजत नाही.

आधी तुमच्या 16,000 चं बघू, कारण तिथे पहिली ठेच लागते. आकडा सीटीसीचा आहे. मालकाच्या वाट्याचा पीएफ आणि ईएसआयसी (सरकारी आरोग्य विमा) त्यातूनच जाणार असेल, तर वरखर्च धरून पीएफचे 13 टक्के आणि ईएसआयसीचे 3.25 टक्के आधी वजा होतात. हे टक्के 16,000 वर नाही, खऱ्या पगारावर मोजतात; पीएफ पूर्ण पगारावर धरला तर तो खरा पगार राहतो साधारण 13,760. त्यातून तुमच्या वाट्याचे 12 टक्के आणि 0.75 टक्के गेले की खात्यावर पडतात 12,000. व्यवसाय कर तुम्हाला लागणार नाही, कारण महाराष्ट्रात महिलांना 25,000 पर्यंत तो माफ आहे. म्हणजे ऑफर लेटरवरचे 16 घरी येताना 12 होतात. यात फसवणूक नाही, पीएफ तुमचाच आहे आणि ईएसआयसीचं कार्ड आईवडिलांच्या आजारपणात उपयोगी पडतं. पण घरात ‘सोळा हजाराची नोकरी लागली’ असं सांगून हप्ता बांधून घेऊ नका.

काही केंद्रं दुसरा मार्ग काढतात. तुम्हाला नोकर न दाखवता ‘कन्सल्टंट’ दाखवतात. मग पीएफ नाही, ईएसआयसी नाही, उलट 10 टक्के टीडीएस कापून पैसे देतात. 16 चे 14,400 हातात येतात, त्यामुळे पहिल्या महिन्यात बरंच वाटतं. कापलेला कर रिटर्न भरून परत मिळवता येतो, आमच्यातले निम्मे लोक ते कधी करत नाहीत. सही करायच्या आधी कागदावर ‘कर्मचारी’ लिहिलंय की ‘सल्लागार’, एवढं नीट वाचा.

आता दुसरी ऑफर. प्लेसमेंट ऑफिसला पैसे कंपनी देते. पुण्यामुंबईत प्रचलित दर आहे वार्षिक पगाराच्या 8.33 टक्के, म्हणजे सरळ एका महिन्याचा पगार. 18,000 च्या नोकरीवर माणूस बसवला तर ऑफिसला 18,000. ऐकायला छान आहे. आपल्याकडे टॉवेलचा कारखाना किंवा चिंचोळी एमआयडीसीतलं युनिट हेल्पर-ऑपरेटरसाठी एवढं देत नाही. माझ्या अनुभवात माणशी 3,000 ते 5,000 ठोक ठरतात. त्यातले 10 ते 20 टक्के माणूस आणणाऱ्या पोरीला किंवा पोराला. 4,000 चे 15 टक्के धरले तर तुमच्या वाट्याला 600.

आणि ते 600 सुद्धा माणूस कामावर गेला त्या दिवशी मिळत नाहीत. बहुतेक कंपन्यांची अट असते की 90 दिवसांच्या आत माणूस गेला तर बदली माणूस फुकट द्यायचा, नाहीतर पैसे परत. म्हणून मालक तुमचं कमिशन 90 दिवस झाल्यावर काढतात. महिन्याला 10 माणसं लावली आणि त्यातली 6 टिकली, तर 3,600. 9,000 मध्ये मिळवले की 12,600. म्हणजे रोख बघितली तर दोन्ही ऑफर जवळजवळ एकाच ठिकाणी येतात! फरक एवढाच की दुसरीकडे पहिले तीन महिने कोरड्या 9,000 वर काढायचे, आणि चिंचोळीपर्यंत गाडी घालायची तर पेट्रोल कुणाचं हे अजून ठरलेलं नाही.

ही ‘10 पैकी 6’ ची गोष्ट जरा नीट सांगतो, कारण माझ्या कमाईत चढउतार झाले ते सगळे इथे झाले.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी विडी घरकुलातल्या एका आयटीआय फिटर पोराला पुण्याजवळ चाकणच्या कंपनीत लावलं. महिना 18,000. मी खूश, पोरगं खूश. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने गेलं. सोळाव्या दिवशी फोन आला, ‘सर, मी परत यायलोय.’ कंपनी वाईट नव्हती. रूमचे 3,000, मेसचे 3,500, शिफ्टला जायचा खर्च, मोबाइल, आणि पहिल्याच महिन्यात रूमच्या डिपॉझिटसाठी मित्राकडून घेतलेले पैसे. पीएफ (तिथे 15,000 वरच धरलेला), ईएसआयसी, व्यवसाय कर कापून हातात येणार होते 15,865. पोराने घरी 10,000 पाठवायचं कबूल केलं होतं आणि ते कुठल्याच हिशेबात बसत नव्हतं. मी त्याला पगार सांगितला होता, हिशेब सांगितला नव्हता. माझं कमिशन गेलं, वर बदली माणूस शोधून द्यावा लागला तो वेगळा.

त्यानंतर मी पोराच्या घरी जायला लागलो. पुढच्याच महिन्यात त्याच भागातल्या एका घरी गेलो, तर आई दारातच बसलेली, मांडीवर सूप, त्यात कापलेली पानं आणि तंबाखू. हात थांबत नव्हते. मी पगार, कंपनी, बस सगळं मराठीत सांगितलं. ती मान हलवत राहिली. मग मी मोडक्या तेलुगूत सुरुवात केली तशी तिने पहिल्यांदा वर बघितलं आणि विचारलं, ‘एंत वस्तुंदी?’ किती येणार? कागद काढून तिच्यासमोर मांडलं: हातात एवढे, रूम एवढी, जेवण एवढं, घरी पाठवायला पहिले दोन महिने 3,000, पुढे 5,000. तिने दोऱ्याचं टोक दाताने तोडलं आणि म्हणाली, पहिले दोन महिने काहीच नको, डिपॉझिट फिटू दे. ते पोरगं त्या कंपनीत चार वर्षं राहिलं, आणि त्याने पुढे त्याच्या गल्लीतली आणखी सात जणं माझ्याकडे पाठवली. त्या सातांचं कमिशन मला आयतं मिळालं.

म्हणून ‘पगार कशाने वाढतो’ याला माझं पहिलं उत्तर आहे, माणूस टिकल्याने. आणि सोलापुरात माणूस टिकायला भाषा लागते. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडच्या पोरांच्या घरी कन्नड, काही मोहल्ल्यांत उर्दू. मुलाखतीला पोरगं मराठी-हिंदी बोलतं, पण निर्णय घरात आईच्या भाषेत होतो. माझ्याकडे काम केलेली एक मुलगी तेलुगू घरातली होती, शिक्षण बारावी. डिग्री असलेल्या दोघांपेक्षा तिची माणसं जास्त टिकायची, म्हणून तिचा पगारही त्यांच्यापेक्षा जास्त होता. त्या दोघांना ते आवडलं नव्हतं.

दुसरी गोष्ट, तुम्ही कुठल्या जागा भरता. हेल्परमागे 600 मिळतात. तेच 30,000 च्या डिप्लोमा इंजिनिअरच्या जागेवर एका महिन्याचा दर मिळाला, तर 15 टक्क्यांनी तुमचे 4,500. सात हेल्परांपेक्षा जास्त, आणि हा माणूस सहसा सोळाव्या दिवशी परत येत नाही. पण अशी जागा मिळायला एचआरवाल्याने तुमचा फोन उचलला पाहिजे, आणि तो उचलतो कधी, तर मागची दहा साधी माणसं तुम्ही वेळेवर दिली असतील तेव्हा. ‘सीएनसी टर्नर’ (संगणकावर चालणाऱ्या लेथचा कारागीर) मागितला आणि तुम्ही व्हीएमसीवाला (मिलिंग यंत्राचा) पाठवला, की पुढचा फोन नाही. यंत्राची, ट्रेडची नावं शिकून घ्या. एमएसडब्ल्यूला हे कुणी शिकवत नाही. मी आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये दोन दुपारी नुसता उभा राहिलो होतो, एका निदेशकांनी एकेक यंत्र दाखवलं. त्या दोन दुपारींनी मला जेवढं कमवून दिलं तेवढं कुठल्या सर्टिफिकेटने दिलं नाही.

प्रशिक्षण केंद्रात मोजमाप वेगळं असतं. पद ‘समुपदेशक’ असलं तरी तिथे तुमचं काम निम्मं बॅच भरण्याचं आणि निम्मं पुरावे गोळा करण्याचं. केंद्राचे पैसे हप्त्याने येतात. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात बॅच सुरू झाल्यावर 30 टक्के, प्रमाणपत्र मिळाल्यावर 50 आणि नोकरी लागल्यावर 20 अशी वाटणी होती. दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत तर शिकवलेल्यांपैकी किमान 70 टक्के मुलांना नोकरी लावायची आणि ती तीन महिने टिकल्याचं दाखवायचं. म्हणजे पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट. पोरगं गावी निघून गेलं तरी त्याच्यामागे लागून स्टेटमेंटचा फोटो मागवायचा. हे काम जो नेटाने करतो त्याचा पगार केंद्रात वाढतो, कारण शेवटचा हप्ता त्याच्यामुळे सुटतो. समुपदेशन चांगलं केलं म्हणून कुणाचा पगार वाढलेला मी पाहिला नाही. वाईट वाटतं, पण तसं आहे.

सोलापुरात माझ्या पाहण्यात अशा केंद्रात नवीन समुपदेशकाला 12 ते 18 हजार आणि दोन-तीन वर्षं झालेल्या प्लेसमेंट ऑफिसरला 18 ते 25 हजार देतात. मोठ्या कंपनीच्या सीएसआर (समाजकार्यासाठीच्या) निधीवरचा प्रकल्प असेल तर समन्वयकाला 25 ते 35 पर्यंत जातात, पण प्रकल्प संपला की नोकरीही संपते. आणि हप्ता अडकला की पगार अडकतो. माझ्या पहिल्या केंद्रात सलग चार महिने पगार नव्हता. मालकही कर्ज काढून भाडं भरत होते, ते काही वाईट नव्हते, पण माझ्या घरचा किराणा त्याने येत नव्हता. तेव्हा केंद्राला भेट द्याल तेव्हा हे विचारा: सध्या मंजूर बॅचेस किती, कुठल्या योजनेच्या, आणि मागच्या सहा महिन्यांत पगार कुठल्या तारखेला झाले. शेवटचा प्रश्न मालकाला नको, तिथल्या शिपायाला किंवा डेटा एंट्रीच्या मुलीला विचारा.

कॉलेजच्या ट्रेनिंग-प्लेसमेंट सेलबद्दल फार सांगत नाही. इंजिनिअरिंग कॉलेजांत 20 ते 45 पर्यंत ऐकलंय, पण तिथे बहुतेक वेळा प्राध्यापकांवरच हे काम टाकतात आणि बाहेरून घेतलाच तर एचआरमधला माणूस घेतात. एमएसडब्ल्यूला तिथे शिरणं अवघड.

सरकारी बाजू वेगळीच आहे. आपण ज्याला अजून ‘एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज’ म्हणतो ते आता जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे. 1959 च्या कायद्याने 25 किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनांनाही रिक्त जागा कळवणं बंधनकारक केलं होतं, त्यामुळे एके काळी सगळी माहिती त्या एका ऑफिसात असायची. तिथला पगार माणूस लागण्यावर अवलंबून नसतो, पदावर असतो. साधा लिपिक सातव्या वेतन आयोगात एस-6 या वेतनस्तरावर, 19,900 मूळ वेतनाने सुरू होतो, वर महागाई भत्ता. घरभाडे भत्ताही लागतो, आणि सोलापूर वाय (मधल्या) वर्गाचं शहर असल्याने तो पुण्यापेक्षा कमी आणि तालुक्याच्या गावापेक्षा जास्त. पण तिथे पोचायचा रस्ता स्पर्धा परीक्षेचा आहे, अनुभवाचा नाही. 11 महिन्यांच्या करारावर काही जागा निघतात. त्या घ्यायला हरकत नाही, पण त्यातून कायम होऊ या आशेवर वर्षं घालवू नका. मी दोन चांगल्या माणसांची सहा-सहा वर्षं तशी गेलेली पाहिली.

पुण्याचं तुम्ही विचारलं नाही, पण मनात असणारच. तिथे नवीन रिक्रूटरला 18 ते 25 सहज मिळतात. पण वर त्या फिटर पोराचा हिशेब मांडलाय, तोच तुमच्या नावाने मांडून बघा. मुलीला सुरक्षित पीजी 3,000 मध्ये मिळत नाही, हे वेगळं सांगायला नको.

आता तुमच्या दोन ऑफर. घरात तुमच्या पैशावर काही अवलंबून असेल, किंवा दुचाकी नसेल, तर पहिली घ्या. एमएसडब्ल्यूला गावं फिरणं, पालकांशी बोलणं नवीन नसतं, त्यामुळे बॅच भरताना तुम्ही दमणार नाही. फक्त तिथे असताना स्वतःची वही ठेवा. मी अजून ठेवतो. जाड रजिस्टर, पानावर सहा रकाने: नाव, ट्रेड, घरी कोण, कुठे लावला, कधी आला, का आला. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. दोन वर्षांनी ती वही घेऊन तुम्ही कुठल्याही प्लेसमेंट ऑफिसात गेलात तर 9,000 वर बोलणी सुरू होणार नाहीत, कारण कुठली कंपनी पोरं टिकवते आणि कुठली नाही हे तुम्हाला मालकापेक्षा जास्त माहीत असेल.

घरची तेवढी ओढ नसेल आणि कंपन्यांच्या दारात उभं राहायची लाज वाटत नसेल, तर दुसरी ऑफर वाईट नाही. कारण 16,000 ला दरवर्षी पाच-सात टक्के वाढ मिळेल, कमिशनला अशी मर्यादा नाही. मात्र तीन गोष्टी लिहून घ्या: कमिशनचा टक्का कशावर, कंपनीच्या बिलावर की वसुलीवर. तुम्ही सोडून गेल्यावर 90 दिवस पूर्ण होणाऱ्या माणसांचं कमिशन मिळणार का. आणि पेट्रोल. यातल्या दुसऱ्या मुद्द्यावर माझे एका कॉन्ट्रॅक्टरकडे 40,000 च्या वर बुडाले. मी नोकरी सोडली त्या दिवशी माझी 31 माणसं कामावर होती. ते म्हणाले, तू आता आमचा नाहीस. तोंडी ठरलेलं होतं, काय करणार. वसुलीचंही तसंच. ऑफिसची उद्यम नोंदणी (छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंद) असेल तर कंपनीने 45 दिवसांत पैसे देणं कायद्याने बंधनकारक आहे, पण गावातल्या गावात कोण कुणाला नोटीस पाठवतो? बिल चार महिने लोंबलं की तुमचं कमिशनही लोंबतं.

राहिले ते 500 रुपये. मी घेत नाही, आणि त्याचं कारण पुण्य वगैरे नाही. महिन्याला 40 पोरांनी 500 दिले तर 20,000 झाले, कुठल्याही कंपनीकडे न जाता. मग मालक कंपन्यांच्या मागे लागणं सोडतो आणि पोरं गोळा करायला लागतो. तुमचं कमिशन कंपनीच्या पैशातून आहे, हे लक्षात घ्या. त्या ऑफिसची भिंत पोरांच्या फॉर्मनी भरेल आणि तुमचं खातं रिकामं राहील. तिथे जाऊन एवढंच विचारा की मागच्या महिन्यात कंपन्यांना किती बिलं गेली. आकडा पटकन सांगितला तर ऑफिस चालू आहे. ‘नोंदणी खूप आहे’ असं उत्तर आलं तर समजून घ्या.

आणि त्याच ऑफिसात आखाती देशांच्या नोकऱ्यांचा बोर्ड असेल तर जास्त जपा. परदेशात कामगार पाठवायला 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली एजंटची नोंदणी लागते, आणि नोंदणीकृत एजंटलाही माणसाकडून 30,000 आणि त्यावर जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही, तेही पावती देऊन. नोंदणी क्रमांक बोर्डावर नसेल तर मागा. दिला तर सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. नाही दिला तर तिथे 9,000 काय, 19,000 ला पण बसू नका, कारण पोरांच्या फॉर्मवर सही मालकाची नसते, तुमची असते.